कोरा ट्रॅक आधी: घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करण्याच्या सेटअपचा आठ महिन्यांचा अनुभव

जोडणी साधी आहे. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल डिजिटल करून लॅपटॉपला देणारं यंत्र), तीन मीटरची केबल, लॅपटॉपवर ॲम्प सिम्युलेटर (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगिन), कॅबिनेटच्या आयआर फाइल्स (स्पीकर आणि माइकच्या आवाजाचा ठसा) आणि ओपन-बॅक हेडफोन. तुलनेसाठी एक छोटा ट्यूब ॲम्प आणि त्याच्यापुढे शुअर एसएम५७ हा माइक. सिंगल कॉइल आणि हंबकर (एका किंवा दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे भाग), दोन्ही प्रकारच्या गिटार यावर रेकॉर्ड झाल्या. आठ महिन्यांनंतरचं मत ठाम आहे: जे नंतर दुरुस्त होत नाही ते सगळं तारेपासून इंटरफेसच्या इनपुटपर्यंतच बिघडतं. ॲम्प, स्पीकर, माइक, रिव्हर्ब केव्हाही बदलता येतात. म्हणून खरेदीचा आणि मेहनतीचा पहिला वाटा या पहिल्या टप्प्याला, म्हणजे कोऱ्या (कसलाही परिणाम न लावलेल्या) ट्रॅकला द्यावा.

इंटरफेसवर आधी पाहायचं ते इन्स्ट्रुमेंट इनपुट. त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं असतं, नाहीतर गिटारचं चित्र असतं. याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १ मेगाओहम असतो. लाइन इनपुटचा बहुधा १० किलोओहमच्या आसपास. पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारा) पिकअप थेट लाइन इनपुटला जोडला की त्याच्यावर भार पडतो, वरच्या पट्टीतला रेझोनन्सचा उंचवटा दबतो आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. ‘इन्स्ट’चं बटण दाबायचं राहतं, मग इक्वलायझरवर ट्रेबल चढवला जातो आणि वाढते ती नुसती खरखर.

केबलच्या लांबीचंही तसंच. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली आणि पिकअप ४ हेन्री इंडक्टन्सचा, स्वतःची १०० पिकोफॅरड असलेला घेतला, तर तीन मीटरला रेझोनन्स ४,००० हर्ट्झच्या जवळ येतो. केबल सहा मीटर केली की तोच ३,००० हर्ट्झवर उतरतो. खुर्चीत बसून रेकॉर्ड करणाऱ्याला तीन मीटर पुरतात. चकाकी फार टोचत असेल तर मुद्दाम लांब केबल लावणं हासुद्धा रास्त उपाय आहे.

आता लेव्हल. ॲम्प सिम्युलेटर ‘नकली’ वाटतात अशी तक्रार असते, तिचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. खऱ्या ॲम्पला गिटारमधून जितका व्होल्टेज मिळतो, त्याच प्रमाणात सिग्नल प्लगिनला मिळाला तरच त्याचा गेन नॉब खऱ्यासारखा वागतो. इंटरफेसच्या मॅन्युअलमध्ये इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल लेव्हल डीबीयूमध्ये (व्होल्टेज मोजायचं डेसिबलमधलं एकक) दिलेली असते आणि ती बहुधा गेन नॉब पूर्ण खाली असतानाची असते. प्लगिन कोणत्या आकड्यासाठी बेतलेलं आहे हे त्याचे निर्माते सांगतात. समजा प्लगिनला +१२ अपेक्षित आहे आणि इंटरफेस +९ वरच क्लिप होतो (सिग्नल मावेनासा होऊन फाटतो). मग तोच सिग्नल प्लगिनला ३ डेसिबल जास्त दिसतो. प्लगिनचा इनपुट नॉब उणे ३ वर ठेवायचा, काम झालं. इंटरफेसचा गेन शून्यावरच राहू द्यायचा.

शून्य गेनवर मीटर जेमतेम हलताना पाहून काळजी वाटते, पण २४ बिटला ती करायचं कारण नाही. पिकअपचा स्वतःचा गोंगाट कन्व्हर्टरच्या गोंगाटापेक्षा बराच वर असतो. शिखरं उणे १८ ते उणे १० डेसिबलवर आली तरी काही बिघडत नाही. क्लिपिंग मात्र घातक. जोरकस हंबकर आणि पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून वाजवलेला) ठोका एकत्र आला की काही इंटरफेस शून्य गेनवरही लाल दिवा दाखवतात. तेव्हा पिकअप खाली घ्यावा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ब्रिज पिकअप आणि तार यांच्यात २ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवून सुरुवात करावी आणि कानाने ठरवावं. सिंगल कॉइल फार वर असला तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारांचे वरचे सूर बेसूर वाजतात, तेही यात सुटतं.

सर्वांत जास्त वेळ खाणारं प्रकरण म्हणजे हम (गुणगुण) आणि बझ (झणझण). डिस्टॉर्शन लावल्यावर ॲम्प सिग्नलसोबत गोंगाटही खूप वाढवतो, त्यामुळे क्लीन टोनवर न जाणवलेली गुणगुण अंगावर येते. शोधायचा क्रम ठरलेला असावा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला नाही तर दोष केबलमध्ये किंवा इंटरफेसकडे आहे. गेला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. कितीतरी वेळा किणकिण तिथेच थांबते. मग गिटार धरून जागेवर हळूहळू वळा. सिंगल कॉइलचा हम दिशेप्रमाणे कमीजास्त होतो आणि एका कोनात जवळपास नाहीसा होतो. तो कोन सापडला की खुर्ची तिथेच ठेवायची. स्क्रीन, चार्जर आणि दिव्यांचे डिमर यांच्यापासून निदान एक मीटर दूर बसावं.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर गिटारची वायरिंग बहुधा ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर अर्थिंग किंवा वायरिंग तपासून घ्यावं, आणि ते होईपर्यंत वाजवणं थांबवावं. इंटरफेस आणि ॲम्प एकाच वेळी जोडल्यावर हम सुरू झाला तर ते ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह); ट्रान्सफॉर्मरने दोन्ही बाजू विलग करणारा डीआय बॉक्स मध्ये घालावा. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा, म्हणजे थ्रेशोल्डखालचा आवाज बंद करणारा) ॲम्पच्या आधी लावला तर तो स्वच्छ सिग्नलवर अचूक उघडझाप करतो. थ्रेशोल्ड गोंगाटाच्या जेमतेम वर ठेवावा, रिलीज (बंद होण्याचा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास. लांबवलेला सूर मध्येच तुटत असेल तर आधी थ्रेशोल्ड खाली आणावा.

लेटन्सीचं, म्हणजे वाजवणं आणि ऐकू येणं यांतल्या उशिराचं, गणित सोपं आहे. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा ध्वनीचा तुकडा) म्हणजे एका बाजूला २.७ मिलिसेकंद. जाणं-येणं, कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरची भर धरून ८ ते १० होतात. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून तीनेक मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं. बहुतेकांना हे चालतं. वेगवान रिदमसाठी ६४ घ्यावा. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचाच एएसआयओ ड्रायव्हर घालावा. आवाज तुटत असेल तर हब टाळून थेट पोर्टला जोडावं, पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवावं आणि रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करून पाहावं. मिक्सिंगला बफर ५१२ किंवा १०२४ केला तरी हरकत नाही. ब्लूटूथ हेडफोन या कामाला नकोत, त्यांची दिरंगाई फार मोठी असते. ओपन-बॅक हेडफोन मात्र इथे बिनधास्त चालतात, कारण समोर माइकच नाही.

टोनच्या बाजूला आयआरचा वाटा ॲम्प मॉडेलपेक्षा मोठा निघाला. गिटारचा स्पीकर ५–६ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो; तो नसला की डिस्टॉर्शन माशी घोंघावल्यासारखं लागतं. वेगळी आयआर घातली की प्लगिनमधलं कॅबिनेट बंद केलंय ना, हे पाहावं. दोन कॅबिनेट एकामागे एक लागले की आवाज डब्यात बसतो. शेकडो फाइल्स चाळण्यापेक्षा तीन-चार ठरवून त्यांच्यावर हात बसवणं फायद्याचं. पुढे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं (खालच्या ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा आहे) आणि टोचत असेल तर ८–१० किलोहर्ट्झच्या वरचंही.

ट्यूब ॲम्प आणि माइकची जोडी हाताखाली जास्त जिवंत वाटते, हे खरं. माइक स्पीकरच्या जाळीपासून २–३ सेंटिमीटरवर, स्पीकरची मधली टोपी जिथे कोनला मिळते तिथे ठेवून सुरुवात करावी. मध्याकडे सरकवला की धार वाढते, कडेकडे नेला की आवाज गडद होतो. एका सेंटिमीटरचा फरक इक्वलायझरने भरून येत नाही. अडचण आवाजाची आहे, शेजार जागा होतो. त्यावर लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची ताकद पचवणारा डबा) हा उपाय, पण त्याचा ओहमचा आकडा ॲम्पशी जुळलाच पाहिजे. स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

रुंद रिदमसाठी तोच भाग दोनदा वाजवून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवावा. एकाच टेकची (एका वेळच्या वाजवण्याची) नक्कल करून थोडी मागे सरकवली तर मोनोमध्ये ऐकताना काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. दोन्ही टेकना गेन एका गिटारला लावता त्याहून कमी ठेवावा. प्रत्येक टेकआधी ट्यूनर पाहावा. एकाच्या सुरातला किंचित फरक दुसऱ्यापुढे लगेच उघडा पडतो.

इतक्या महिन्यांत झिजलं ते जॅकच्या बाजूचं. केबलच्या टोकाशी सोल्डर सैल होऊन कडकड सुरू झाली आणि गिटारचा जॅक ढिला झाला. जॅकचा नट आवळताना आतला भाग फिरू देऊ नये, वायर तुटते. करकरणाऱ्या पॉटला (नॉबखालच्या भागाला) काँटॅक्ट क्लीनर पुरतो.

प्लगिन ट्रॅकवर लावून ऐकावं, पण फाइल कोरीच नोंदवली जाते याची खात्री करावी. पुढे तीच रीॲम्प बॉक्समधून (इंटरफेसचा सिग्नल गिटारच्या सिग्नलसारखा करणारा डबा) खऱ्या ॲम्पलाही देता येते. फाइलच्या नावात टेम्पो, पिकअप, ट्युनिंग आणि इंटरफेसचा गेन लिहावा. गेन शून्यावर होता की अर्ध्यावर, हे सहा महिन्यांनी नुसतं ऐकून सांगता येत नाही.