५ केव्हीचा डिजिटल मेगर: आठ महिन्यांनंतर

जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी ५ केव्हीचा (५००० व्होल्टचा) डिजिटल मेगर घेतला. मेगर म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन किती चांगलं ते मेगाओहममध्ये मोजायचं यंत्र, आकडा मोठा तितकं चांगलं. तोवर हँडल फिरवायचा १००० व्होल्टचा मेगर होता. मागाच्या मोटारींना तो भरपूर झाला, पण ११ केव्हीच्या वाइंडिंगला हजार व्होल्ट लावून काय कळणार? माझी कामं बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत. मोटारी, पॅनेल आणि कंपाउंडात उभा असलेला ११ केव्ही/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर.

पैसे वसूल झाले ते गार्ड टर्मिनलमुळे, म्हणजे वरच्या पृष्ठभागावरून गळणारा करंट मोजणीतून वगळणाऱ्या 'जी' टर्मिनलमुळे. जुलैत दोन दिवसांच्या भुरभुरीनंतर एका ठिकाणी एचव्ही (११ केव्हीची बाजू) ते अर्थ रीडिंग आलं ६० मेगाओहम. जानेवारीत हाच ट्रान्सफॉर्मर हजाराच्या वर होता. मालक म्हणाले, "मिस्त्री, तेलात पाणी गेलं का ओ?" आणि फिल्टरेशनवाल्याला फोन लावायला निघाले. पण ब्रीदरमधली (ट्रान्सफॉर्मर जिथून हवा घेतो ती डबी) ओल शोषणारी सिलिका जेल निळीच, म्हणजे कोरडी होती, ओलीने गुलाबी झाली नव्हती. बुशिंगवर, म्हणजे वाइंडिंगचं टोक बाहेर काढणाऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर, बोट फिरवलं. शेडमधून उडालेले कापसाचे तंतू ओलीने लगद्यासारखे झालेले, बोटाला चिकटून आले. तिन्ही बुशिंगच्या चिनीमातीला उघड्या तांब्याच्या तारेचे दोन-दोन वेढे दिले, तारा 'जी'ला जोडल्या. रीडिंग ९००! म्हणजे करंट वाइंडिंगमधून गळत नव्हता, बुशिंगच्या अंगावरून घसरत होता. मग तारा काढल्या, कोरड्या फडक्याने पुसलं, गार्डशिवाय ८५०. फोन करायची गरज पडली नाही.

मे महिन्यात मात्र मीच घाबरलो. चालता ट्रान्सफॉर्मर बंद केला आणि लगेच मेगर लावला, तर १५० च्या आसपास. तेलाचं तापमान पाहिलं, ६० अंश. जानेवारीत सकाळी ते ३० होतं. साधारण दर १० अंशांना इन्सुलेशनचं रीडिंग निम्म्यावर येतं, म्हणजे जानेवारीतल्या १२०० चे ६००, ३००, १५०. हिशेब बरोबर होता, ट्रान्सफॉर्मर ठीक होता. तेव्हापासून वहीत रीडिंगशेजारी तेलाचं तापमान लिहितो. मेगर ते स्वतः नोंदवत नाही, तेवढं हवं होतं.

पीआयचं (पोलरायझेशन इंडेक्स) बटण आहे. दहाव्या मिनिटाच्या रीडिंगला पहिल्या मिनिटाच्या रीडिंगने भागून दाखवतं. मोठ्या मोटारींना उपयोगी. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला त्या आकड्यावर मी फार विसंबत नाही, चांगल्या तेलातही तो एकच्या जवळपास येऊ शकतो.

तक्रारी आहेतच. सोबतच्या वायरी तीन मीटरच्या, डीपीच्या खांबावर चढवायच्या तर अपुऱ्या. डिस्प्ले आपल्या उन्हात काळा पडतो. दुपारी साडेबाराला एकाने छत्री धरायची आणि दुसऱ्याने वाचायचं. कॅलिब्रेशनला दिला तर विकणाऱ्याने अडीच महिने घालवले, रोज "उद्या येतोय".

चाचणी संपली की मेगर वाइंडिंग आपोआप डिस्चार्ज करतो, पडद्यावर व्होल्ट उतरताना दिसतात. चांगली सोय. तरी मी अर्थिंग रॉड लावल्याशिवाय टर्मिनलला हात लावत नाही, पोराला लावू देत नाही. दहा मिनिटं ५००० व्होल्ट खाल्लेलं वाइंडिंग आहे ते.

आता दहा मीटरच्या वायरी वेगळ्या मागवल्यात.