'ऑपरेशन: डूम्सडे': टाके उघडे ठेवणारा अल्बम

हा अल्बम लावला की पहिल्या दहा मिनिटांत स्पीकरच्या वायरी तपासाव्याशा वाटतील. वायरी ठीक आहेत. रॅपर एमएफ डूमचा 'ऑपरेशन: डूम्सडे' असाच वाजतो. ड्रम मळकट, आवाज जरा आतून आल्यासारखा आणि मध्येच जुन्या 'फॅन्टॅस्टिक फोर' कार्टूनमधले संवाद घुसलेले. १९९९ साली बॉबिटो गार्सियाच्या 'फॉन्डल एम' या न्यूयॉर्कमधल्या छोट्या रेकॉर्ड कंपनीनं तो काढला. रॅप डूमचं आणि जवळजवळ सगळे बीटही, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, त्यानंच बांधलेले.

माझी बेळगावच्या शहापूरला रेकॉर्डिंगची एक खोली आहे. मागच्या बाजूला माग चालतात, त्यामुळे माईक उघडायचा तो रात्री, ते थांबल्यावर. मुख्य धंदा वैशाखातला. बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीतले चित्ररथ तुम्ही बघितले असतील, ट्रॉलीवर पोरं अफझलखान-शिवाजी उभे करतात आणि आवाज मागून वाजतो. तो आवाज आम्ही जुळवतो. संवाद एका ठिकाणचा, तुतारी दुसरीकडची, घोड्यांच्या टापा तिसरीकडच्या. मंडळाच्या अध्यक्षांची अट एकच असते, जोड कुठं कळता कामा नये. डूमनं नेमकं उलट केलंय. कात्री कुठं लागली ते तो मुद्दाम ऐकू देतो, आणि मला या अल्बमचं सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच आहे.

'डूम्सडे' हे गाणं घ्या. खाली गायिका शादेचं 'किस ऑफ लाइफ' आहे, १९९२ चं. मऊ, रात्रीच्या रेडिओवर लागावं असं. एखाद्यानं त्याचे बारीक तुकडे करून ओळखू येणार नाही असं केलं असतं. हा त्याचा तुकडा ओळखू येईल असाच फिरवत ठेवतो, त्यावर कडक ड्रम टाकतो आणि जाड, झोपाळलेल्या आवाजात बोलत सुटतो. 'र्‍हाइम्स लाइक डाइम्स'मध्ये क्विन्सी जोन्सचं 'वन हंड्रेड वेज', 'गॅस ड्रॉल्स'मध्ये स्टीली डॅनचं 'ब्लॅक काऊ'. सगळी गुळगुळीत, नीटनेटकी गाणी. त्या काळातले रांगडे रॅपर अशा गाण्यांना नाकं मुरडायचे. डूमनं ती उचलली आणि धूळ न झटकता वापरली.

आता डूमच्या मुखवट्याचं, जो घालूनच तो लोकांसमोर यायचा. डूम, म्हणजे डॅनियल डूमिले, आधी केएमडी नावाच्या रॅप गटात होता, धाकटा भाऊ सबरॉक याच्यासोबत. १९९३ मध्ये रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेत सबरॉक गेला. त्यांचा दुसरा अल्बम तयार होता, पण मुखपृष्ठावरच्या चित्रावरून वाद झाला आणि इलेक्ट्रा कंपनीनं १९९४ मध्ये तो न काढताच गटाला सोडून दिलं. भाऊ नाही, कंपनी नाही. पुढची काही वर्षं हा माणूस दिसेनासा झाला. परत आला तो मॅनहॅटनमधल्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत, डोक्यावर बायकांचा स्टॉकिंग ओढून. धातूचा मुखवटा नंतरचा. नाव घेतलं मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमचं, म्हणजे खलनायकाचं.

हे माहीत नसताना अल्बम गमतीदार वाटतो. माहीत झाल्यावर अठरावं गाणं ऐका. त्याचं नाव नुसतं प्रश्नचिन्ह आहे. शेवटच्या कडव्यात डूम थेट भावाशी बोलतो. दोघांनी मिळून केलेली नमाज आणि दोघांनी मिळून घेतलेली लेदरची जाकिटं एकाच दमात मोजतो, आणि हातात कोयत्यासारखं पातं घेतलेला भावाचा एक फोटो जवळ ठेवल्याचं सांगतो. कुठं सूर चढवत नाही, व्हायोलिन नाही, रडं नाही. बीट चालू, हा चालू. आमच्याकडे संभाजीराजांच्या प्रसंगाला शेवटी करुण बासरी लावल्याशिवाय मंडळ पैसे देत नाही, त्यामुळे मला हा संयम जास्तच जाणवतो.

'टिक, टिक...' हे गाणं तर माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी दोनदा ऐकवतो. त्यात बीटचा वेग सारखा कमी-जास्त होतो, टेप ओढल्यासारखा. मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) लावून काम करणाऱ्यांना हे चुकलंय असंच वाटतं. पण डूम आणि सोबतचा एमएफ ग्रिम, दोघंही त्या घसरत्या तालावर पाय न अडखळता चालतात. ग्रिमला १९९४ मध्ये गोळ्या लागल्या, तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे, पण आवाजात कुठं दुबळेपणा नाही.

सगळंच झकास आहे असं नव्हे. 'र्‍हाइम्स लाइक डाइम्स'च्या शेवटी बॉबिटोची जी बडबड चालते ती पहिल्यांदा हसवते, नंतर हात बटणाकडे जातो. पाहुणे रॅपर सगळेच डूमच्या तोडीचे नाहीत, मधली एक-दोन गाणी त्यांच्यामुळे रेंगाळतात. मिक्स तर आजच्या हिशेबानं कच्चंच. कॉलेजमधली पोरं मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून "कसलं ओ हे, दबलेलं" म्हणतात. बरोबरच आहे. त्यात बेस जवळजवळ नाहीसाच होतो. हेडफोन लावा, नाहीतर निदान एखादा बरा स्पीकर.

दुसरी अडचण इंग्रजीची. यमक ओळीच्या टोकाला येईल म्हणून वाट बघाल तर फसाल, ते ओळीच्या मध्येच तीन-चार शब्दांत साखळीसारखं लागत जातं. मलाही निम्मं समोर शब्द उघडून ठेवल्यावरच कळलं. पण माझ्याकडं येणारी, घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि मित्रांत हिंदी बोलणारी पोरं अर्थ न कळताही ती साखळी पकडतात. परवा एक जण म्हणाला, "दादा, मी नेटवरनं उतरवलेला बीट आणलोय की." तो बीट बाजूला ठेवून त्याला तुकडे कापायला घरातली जुनी कॅसेट आणायला सांगितलंय. आजोबांची भजनाची आहे म्हणे. बघू काय निघतंय.

डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला, आणि बातमी बाहेर आली दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला. त्यानंतर ऐकायला लागलेले बहुतेक जण थेट २००४ च्या 'मॅडव्हिलनी'कडे जातात. तो अल्बम जास्त सफाईदार आहे यात वाद नाही, पण त्यातले बीट मॅडलिब या दुसऱ्या निर्मात्याचे. डूमचा स्वतःचा हात कसा चालतो ते बघायचं असेल तर आधी हा, मग २००४ चाच 'एमएम..फूड', आणि मग नुसत्या बीट्सची 'स्पेशल हर्ब्स' ही मालिका. रॅप करणाऱ्या पोरांनी तर ती मालिका लावून त्यावर आपलं मराठी बसवून बघावं. घरी हो, रिलीज करू नका.