‘टच’ हॅप्टिक उपकरण: दूरस्पर्शाच्या पीएचडीला कितपत पुरतं?
थ्रीडी सिस्टिम्स कंपनीचं ‘टच’ हे हॅप्टिक, म्हणजे धरलेल्या पेनातून हाताला बल जाणवून देणारं उपकरण; पूर्वीचं सेन्सेबल कंपनीचं ‘फँटम ओम्नी’. दूरचा रोबॉट हाताळून त्याचा स्पर्श परत हातात आणायचा, तर सुरुवातीला हेच घ्यावं. पेनाची जागा आणि कल मिळून सहा अक्षांत मोजमाप होतं, बल मात्र तीनच अक्षांत मिळतं. मनगटाला पीळ जाणवत नाही. म्हणून स्क्रू फिरवणं हा विषय असेल तर हे घेऊ नका. कमाल बल ३.३ न्यूटन, पण सलग टिकतं ते ०.८८ न्यूटन. त्याहून जास्त बराच वेळ दिलं की मोटर तापते.

पेनाची जागा वाचून बल देण्याचं चक्र सेकंदाला १००० वेळा फिरलंच पाहिजे. नेटवर्कचा कोड त्याच थ्रेडमध्ये (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या त्याच धाग्यात) घातला की पेन थरथरतं. तो वेगळा ठेवा. खरी कसोटी नेटवर्कमुळे होणाऱ्या उशिराची: मागाहून पोचलेलं बल हाताला भलत्या क्षणी ढकलतं, ऊर्जा साठत जाते आणि पेन उसळतं. आधी कोडमधल्या आभासी स्प्रिंगचा कडकपणा उतरवा, मग डँपिंग, म्हणजे हालचालीला होणारा रोध, हळूहळू वाढवा. तरीही भागलं नाही तर वेव्ह व्हेरिएबल्स वापरा, म्हणजे वेग आणि बल एकत्र करून पाठवा; मग उशीर झाला तरी यंत्रणा स्थिर राहते. जुनं ओम्नी स्वस्तात मिळालं तरी त्याला फायरवायर ही जुन्या पद्धतीची जोडणी लागते, आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं.