सोलापूरच्या हवेतले पराग: चिकट पट्टी की सेन्सर?

हवेतले पराग पकडणारा हर्स्टचा सापळा 1952 सालचा. मिनिटाला 10 लिटर हवा ओढतो, फिरत्या ड्रमवरच्या चिकट पट्टीत कण अडकतात. मग सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मोजत बसा! निकाल शिळा, पण गाजरगवताचा काटेरी पराग आणि ज्वारीचा गुळगुळीत पराग यांत गल्लत होत नाही.

फ्लुरोसन्स सेन्सर कणाकणावर अतिनील प्रकाश टाकतो आणि त्याची चमक टिपतो. 280 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात ट्रिप्टोफॅन चमकतं, 370 ला एनएडीएच; दोन्ही सजीव पेशींतली रसायनं. आकडा लगेच हातात, कणाचं नेमकं नाव मात्र नाही. शिवाय डिझेलची काजळीही चमकते, कपडा पांढराशुभ्र दाखवणारी रसायनंही. यंत्रमागांच्या, चादरींच्या या गावात तो फसणारच.

मी आधी सापळाच लावेन. पावसाळ्यात बुरशीचे बीजाणू तासातासाला कसे चढतात हे बघायचं असेल, तर सेन्सर शेजारी हवा.