कंपनीचा कॉल: गुपचूप रेकॉर्ड करावा, सांगून करावा, की त्यांच्या रेकॉर्डिंगवर विसंबावं?

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीच्या टिश्यूकल्चर रोपांचा सौदा फोनवर ठरतो, ठिबकच्या सामानाची तक्रार फोनवर होते, ट्रॅक्टरच्या हप्त्याचा तगादाही फोनवरच येतो. वाद झाला की समोरचा म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो." मग रेकॉर्डिंग आठवतं.

गुपचूप रेकॉर्ड करणं

दोघांची संमती नसेल तर गुन्हा, असं इंटरनेटवर वाचून अनेक जण घाबरतात. तो नियम कॅलिफोर्नियासारख्या काही अमेरिकी राज्यांचा आहे. आपण स्वतः ज्या कॉलवर बोलतोय तो रेकॉर्ड करायला समोरच्याची परवानगी हवीच, असा कायदा आपल्याकडे नाही. गुन्हा आहे तो दुसऱ्यांचा कॉल मधेच चोरून ऐकण्याचा. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणून वडिलांच्या कर्जाचे कॉल मुलाने त्यांच्या नकळत पकडू नयेत; वडिलांनीच आपल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करावं.

पुरावा म्हणून असा आवाज चालतो का? मुंबईच्या एका कॉरोनरविरुद्धच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धच्या) लाचेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७२ सालीच होकार दिला. अटी तीन: आवाज ओळखता यावा, बोलणं वादाशी संबंधित असावं, काटछाट झालेली नसावी.

सांगून करणं

इथे निवड कधीकधी आपल्या हातात नसतेच. अनेक अँड्रॉइड फोनांवर गुगलचं डायलर, म्हणजे कॉल करायचं अ‍ॅप, रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं दोन्हीकडे ऐकवतं. कस्टमर केअरशी बोलताना याचा तोटा नाही, उलट फायदा. "मीही रेकॉर्ड करतोय" म्हटलं की तिकडचा माणूस तक्रार क्रमांक नीट सांगतो, खोटी तारीख देत नाही. तेही सुरुवातीलाच कॉल रेकॉर्ड होत असल्याचं सांगतात, मग आपण कशाला संकोचायचं?

ओळखीच्या व्यापाऱ्याला मात्र हे सांगून पाहा! "काय भो, एवढा पण भरोसा नाही का?" आणि पुढच्या हंगामाचा व्यवहार बिघडला. तिथे मी दोन्ही प्रकारची रेकॉर्डिंग सोडून देईन. फोन ठेवल्यावर व्हॉट्सअ‍ॅप करायचं: "आत्ता ठरल्याप्रमाणे इतकी रोपं, या दराने, या तारखेला." त्याचं "हो" आलं की काम झालं.

कंपनीच्या रेकॉर्डिंगवर विसंबणं

सगळ्यात लंगडा पर्याय हाच. फाइल त्यांच्या ताब्यात, ती किती दिवस ठेवायची तेही तेच ठरवणार. विसंबायचंच असेल तर त्याच दिवशी कॉलची वेळ आणि तक्रार क्रमांक टाकून "हे रेकॉर्डिंग जपून ठेवा" असा ईमेल करा.

वसुलीच्या कॉलची गोष्ट थोडी वेगळी. वसुली एजंटांचे कॉल रेकॉर्ड करा, असं रिझर्व्ह बँकेने २००८ साली बँकांना सांगितलं होतं. थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हे २०२२ च्या सूचनेत आहे. पण दमदाटी करणारा एजंट स्वतःच्या मोबाइलवरून बोलला, तर बँकेकडे काय सापडणार? इथे गुपचूप रेकॉर्ड केलेलंच कामाला येईल, आणि ते करताना मनाला टोचणी लावून घ्यायची गरज नाही.

रेकॉर्डिंग केलं तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, हवं तेवढंच कापून ठेवू नका, आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशी फाइल पुरावा म्हणून द्यायला दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग फोन सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. गावाच्या ग्रुपवर क्लिप टाकण्याचा मोह आवरा. मानहानीची नोटीस आपल्यालाच यायची.

कंपनीशी वाद झालाच तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. तिथे नाही मिटलं तर कंपनी मुंबईची असली तरी तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मालाला किंवा सेवेला आपण दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.