पत्ता एक हवा की जागा एक? अनेक फाइल सर्व्हर जोडण्याआधी

ऑफिसात तीन फाइल सर्व्हर झाले की "ती फाइल वाय ड्राइव्हवर की झेडवर?" हे रोजचंच होतं. मग वरून मागणी येते, "सगळं एकाच ठिकाणी दिसू द्या." अशा वेळी आधी हे ठरवा: लोकांना पत्ता एक हवाय, की सगळ्या डिस्क मिळून एकच मोठी जागा?

नुसता पत्ता हवा असेल आणि विंडोज डोमेन (सगळे पीसी आणि लॉगिन एकाच जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) असेल, तर डीएफएस नेमस्पेस घ्या, म्हणजे अनेक सर्व्हरांवरच्या फोल्डरांना एकच पत्ता देणारी विंडोज सर्व्हरची सोय. फाइली जागच्या हलत नाहीत. पीसी '\\कंपनी\फाइल्स' विचारतो, नेमस्पेस खरा सर्व्हर सांगते आणि पुढचा सगळा व्यवहार थेट त्या सर्व्हरशी होतो. त्यामुळे वेग तोच राहतो. उद्या सर्व्हर बदलला तरी शॉर्टकट आणि एक्सेलमधल्या लिंका शाबूत राहतात. ही सोय न करता मी एकदा सर्व्हर बदलला होता. पुढे कित्येक दिवस तुटलेल्या लिंका जोडत बसलो. फक्त बदल कामाच्या वेळेत करू नका: फोल्डरचा पत्ता पीसी मूळ सेटिंगनुसार 1800 सेकंद, म्हणजे अर्धा तास, लक्षात ठेवतो.

मात्र जागा एकत्र होत नाही. एक सर्व्हर भरला की भरला, शेजारचा अर्धा रिकामा असला तरी. जोडीला डीएफएस रेप्लिकेशन, म्हणजे एकाच फोल्डरच्या प्रती अनेक सर्व्हरांवर सारख्या ठेवणारी सोय, लावणार असाल तर जपून. फाइलचं लॉक (एकाने उघडली की दुसऱ्याला बदलू न देणारं) दुसऱ्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. दोन शाखांत एकच फाइल बदलली, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याची राहते आणि दुसऱ्याची मेहनत बाजूला पडते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तिथे ठेवूच नका.

जागाच एक हवी असेल तर ग्लस्टर-एफएस किंवा सेफ-एफएस, म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क जोडून एकच मोठा साठा करणारी सॉफ्टवेअरं. दोन्हींत जुने शेअर जसेच्या तसे जोडता येत नाहीत. रिकाम्या डिस्क घेऊन डेटा कॉपी करावा लागतो. ग्लस्टर मांडायला सोपं, पण लहान फाइलींच्या ढिगाऱ्यापुढे दमतं. शिवाय रेड हॅटने आपल्या ग्लस्टर उत्पादनाचा सपोर्ट 2024 अखेर थांबवला, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. सेफ भक्कम आहे, पण किमान तीन मशीन धरा. नेहमीच्या तीन प्रतींच्या हिशेबाने 30 टीबीच्या डिस्कमधून हाती साधारण 10 टीबी येतात. प्रत्येक डिस्कमागे सुमारे 4 जीबी रॅम वेगळी. आणि ते सांभाळणारा माणूस पगारावर हवा.

दोन-तीन सर्व्हरच्या ऑफिसाला मी डीएफएसच सांगेन आणि भरलेल्या सर्व्हरला मोठी डिस्क. सगळं लिनक्सवर असेल, तर सांबातही (लिनक्सवरून विंडोज पीसींना फाइली देणारं सॉफ्टवेअर) अशी डीएफएसची सोय आहे. विंडोज पीसींना त्यात काही वेगळं करावं लागत नाही.