जुन्या घराला नवी खोली: स्लॅब की कौलं?
मामेबहिणीला रत्नागिरीजवळच्या जांभ्याच्या घरामागे न्हाणीघरासह एक खोली वाढवायची आहे. तिला माझं सांगणं असं:

सळई, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा) धरून स्लॅब महाग पडतो. लोखंडी कैच्यांवर, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर, कौलं स्वस्त; पण माकडं ती फोडतात, दरवर्षी शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवणं, आलीच.

खरा प्रश्न जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्याचा. जुनी भिंत मातीत नाहीतर चुन्यात बांधलेली. नवा पाया वेगळा खचतो. दोन्ही घट्ट जोडलं तर भेग पडतेच, आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पावसात भेग म्हणजे ओल. काहीही निवड, मध्ये फट सोडून वर पन्हळ बसव. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र नकोच गं, आतली ओल कोंडते.

घर बरेच महिने बंद राहणार असेल, वर पाण्याची टाकी हवी असेल, तर स्लॅब. शाकारायला माणूस मिळत असेल तर मी कौलंच घालीन. जुन्या पाख्याशी, म्हणजे उतरत्या छपराशी, तीच जुळतात.